पाइप चमकतो, छातीचं काय?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याने जा. सोलापूर–धुळे महामार्ग असो, परळीकडचा रस्ता असो की अंबाजोगाईकडचा, गावाच्या तोंडाशी ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजांची रांग लागते. त्यातल्या किती पाट्यांवर आपल्या समाजातली नावं असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली जो अहवाल दिला, त्यात मुस्लिम कामगारांचं प्रमाण तुलनेने जास्त असलेल्या क्षेत्रांमध्ये मोटारगाड्यांची विक्री आणि दुरुस्ती हे क्षेत्र होतं. आपण त्या ओळीवर बरंच बोललो. नोकरी नाही म्हणून आपली पोरं पान्याकडे वळतात, हे आपण सांगितलं. पाना हातात घेतल्यावर पुढची तीस वर्षं त्या पोराच्या छातीत काय जातं, यावर मात्र आपल्या एकाही बैठकीत चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

मी स्वतः आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा ट्रेड केला आणि अब्बांच्या गॅरेजात डिझेल इंजिनाची कामं बघतो. म्हणून आज एकाच कामाबद्दल लिहितो. टर्बो इंजिनाच्या धुराच्या पाइपवरचं जुनं आवरण काढायचं, पाइप घासून साफ करायचा, रंगवायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. काम छोटं वाटतं, पण आपल्या धंद्याची सगळी गोष्ट त्यात आहे. कसब किती लागतं, मोबदला किती मिळतो आणि त्याची खरी किंमत कोण चुकवतं, हे सगळं त्यात दिसतं.

आधी काम समजून घेऊ. डिझेल इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू मॅनिफोल्डमधून टर्बोत जातो, टर्बोचं चाक फिरवतो आणि पुढच्या पाइपने सायलेन्सरकडे निघतो. गाडी भरून चढावर असली की हा वायू ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. शेजारीच डिझेलच्या नळ्या, तेलाच्या नळ्या, वायरिंग आणि केबिनचा तळ असतो. म्हणून पाइपवर उष्णता अडवणारं काहीतरी लागतं. कंपनीकडून पत्र्याचं कवच येतं किंवा जाळीत शिवलेली गादी येते. जुन्या गाड्यांवर मात्र जे मिळेल ते गुंडाळलेलं असतं. पांढरी-करडी दोरी, कापडी पट्टी, काचतंतूची टेप, कधी भट्टीला लावतात ती पांढरी सिरॅमिक गादी. वरून तार आवळलेली.

आपल्या जिल्ह्यात या कामाचा एक मोसम असतो. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. त्याआधी गाड्या तयार लागतात. परळीच्या औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्या वर्षभर असतातच. मालकाला गाडी तीन दिवसांत हवी असते. पाइप तडकलेला असतो, पट्टी तेल पिऊन काळी झालेली असते, नट गंजून जाम झालेले असतात.

आता कसब बघा. जाम नट गॅसने तापवून, स्टड न मोडता काढणं हेच एक काम आहे. टर्बोच्या आधीचा पाइप साफ करताना गंजाचा एक कपचा किंवा तारेचा तुकडा आत राहिला तर मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेणारं टर्बाइनचं चाक तो खाऊन टाकतो आणि मालकाला नवा टर्बो घ्यावा लागतो. म्हणून जाणता उस्ताद टर्बोच्या तोंडात चिंधी कोंबत नाही, घट्ट बसणारं झाकण लावतो आणि काम संपल्यावर मोजून काढतो. रंगाचंही तसंच. रेड ऑक्साइड या उष्णतेत टिकत नाही, जळून पापुद्रे पडतात. त्यासाठी ६०० अंशांपर्यंत तग धरणारा सिलिकॉन-ॲल्युमिनियमचा रंग लागतो, तोही पातळ हाताने. जाड थर दिला की पहिल्याच फेरीत फोड येतात. रंग पक्का व्हायला इंजिन आधी मंद चालवून, थंड करून, मग थोडं जास्त तापवावं लागतं. नवी काचतंतूची टेप पाण्यात भिजवून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर चढवत ओढून गुंडाळायची असते. आणि कुठे गुंडाळायचं नाही हेही कळावं लागतं. बिडाच्या मॅनिफोल्डवर टेप गच्च आवळली तर उष्णता कोंडून तो तडकू शकतो. साध्या लोखंडी पाइपवर ओल धरून राहणारी पट्टी आतून गंज वाढवते.

हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. उस्तादाने चेल्याला, चेल्याने त्याच्या चेल्याला दिलेलं आहे. आपल्या समाजाकडे असलेली ही खरी दौलत आहे, असं माझं मत आहे. पण त्याच हातांनी उस्तादाने चेल्याला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे धुळीकडे दुर्लक्ष करायची सवय.

पट्टी काढायची रीत सगळीकडे सारखीच आहे. सुरीने चिरायची, ओरबाडून काढायची, राहिलेलं ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून उडवायचं आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा मारायची. ब्रेकचा ड्रम उघडला की हवा मारायची. क्लचप्लेट बदलताना हवा मारायची. संध्याकाळी कपड्यांवरसुद्धा हवाच मारायची. दहा मिनिटं गॅरेजात पांढरा धुरळा तरंगतो. त्यातच चहा येतो, त्यातच पोरगं झाडू मारतं.

त्या धुरळ्यात काय असतं? जुन्या दोरीत, पॅकिंगमध्ये, ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. नवी काचतंतूची टेप ॲस्बेस्टॉस नसते, तिने अंगाला खाज सुटते, पण ती दोरीइतकी घातक नाही. अडचण अशी की गाडीवर वीस वर्षांपूर्वी कोणी काय गुंडाळलं होतं, हे मालकालाही ठाऊक नसतं. म्हणून जुनी पांढरी-करडी दोरी दिसली की ती ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चालणं, हा एकच शहाणपणाचा नियम आहे.

ॲस्बेस्टॉसचे तंतू केसाहून कितीतरी बारीक असतात. नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात आणि तिथेच राहतात. त्यातून फुप्फुसं ताठर होतात, फुप्फुसाचा कर्करोग होतो, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. आजार दिसायला बहुतेक वेळा वीस ते चाळीस वर्षं लागतात. सोबत बिडी-सिगारेट असेल तर कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी २ लाखांहून अधिक माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. अमेरिकेने अजून वापरात असलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर मार्च २०२४ मध्ये बंदी जाहीर केली. आपल्याकडे ते रशियासारख्या देशांतून आजही आयात होतं.

यात ज्या डिझेलच्या धुरात आपण दिवसभर उभे असतो तोही मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली त्याला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं. कुठे पाइप वाळूच्या माऱ्याने साफ करत असतील तर सिलिकाची धूळ वेगळीच. ब्रिटनने असा वाळूचा मारा १९४९ च्या नियमांनीच बंद केला. सिलिकाने छाती भरलेल्या माणसाला क्षयरोग लवकर गाठतो. उलटही होतं. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा रुग्ण समजून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात, कारण आयुष्यभर काय काम केलं हे त्याला कोणी विचारत नाही.

‘उस्तादाला दमा आहे’, ‘चाचांना खोकल्याची जुनी तक्रार आहे’ ही वाक्यं आपल्या मोहल्ल्यात किती सहज बोलली जातात ते आठवून बघा. प्रत्येक खोकला या धुळीचाच असतो असं मी म्हणत नाही. पण तो धुळीचा आहे की नाही हे शोधायची आपण कधी तसदी घेतली नाही, एवढं नक्की.

आणि हा प्रश्न गॅरेजच्या शटरपाशी संपत नाही. कामाचे कपडे घरी जातात. ते झटकतं कोण? धुतं कोण? अम्मी, बहीण, बायको. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं जगभरच्या वैद्यकीय अभ्यासांत नोंदलेली आहेत. त्या स्त्रियांनी कारखान्यात कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. घरातल्या बाईच्या हक्कांवर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. मग तिच्या घमेल्यात रोज काय भिजतं, हाही त्याच हक्कांचा भाग आहे.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की, कामावर असताना आणि निवृत्तीनंतरही आरोग्याचं रक्षण हा कामगाराचा संविधानाच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोपर्यंत जपून ठेवा, असा आदेशही दिला. आजार उशिरा दिसतो, म्हणून नोंद इतकी लांब.

पण हा आदेश ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी होता. आमचं गॅरेज त्यात बसत नाही. १९४८ चा कारखाना कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगारांपासून लागू व्हायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने कारखान्याच्या व्याख्येत तो आकडा २० वर नेला. उस्ताद, दोन मिस्त्री आणि एक पोरगं एवढ्या गॅरेजला तो आकडा गाठायला चार जन्म लागतील. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी आहेत. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, शिंपी आहे, न्हावी आहे. मोटर मेकॅनिक नाही. तो ‘पारंपरिक’ नाही, हे कारण मला समजतं. पण ज्या धंद्यात तिसरी पिढी काम करते आणि जिथे विद्या अजूनही गुरूकडून शिष्याकडेच जाते, तो आणखी किती पारंपरिक असायला हवा?

म्हणजे कारखान्याच्या यादीत आम्ही नाही आणि कारागिरांच्या यादीतही नाही. ज्याची नोंदच नाही, त्याचा आजार तरी कुठे नोंदला जाणार?

इथे आपल्याच जिल्ह्याचा धडा आठवा. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशयं काढली जातात, ही कुजबुज बीडमध्ये अनेक वर्षं होती. २०१९ साली ती बातमी झाली, विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि जिल्ह्यात मोजणी झाली. तेव्हा तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचा आकडा पुढे आला. त्या स्त्रियांचं सगळं दुःख संपलं असं नाही. पण त्यानंतर ‘असं काही होतच नाही’ म्हणायची सोय कोणाला उरली नाही. राजस्थानातही तसंच झालं. दगडखाणीतल्या मजुरांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१९ साली तिथल्या सरकारने धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांसाठी धोरण आणलं. आजाराचं प्रमाणपत्र मिळालं की ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये. त्यात ॲस्बेस्टॉसचा आजारही आहे. महाराष्ट्रात गॅरेज कामगारांना धरून असं धोरण मागायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा करणारं हे राज्य आहे. एक मालक नसलेल्या, विखुरलेल्या कामगारांचं मंडळ होऊ शकतं, हे देशाला आपल्याच राज्याने दाखवलं.

मला ठाऊक आहे, लगेच तीन उत्तरं येतील.

पहिलं उत्तर असं की, गॅरेजं आधीच रस्त्याकडेला, कागद अपुरे, त्यात सरकारला बोलावलं तर नोटीस येईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच सुरुवात तक्रारीने करू नये, संघटनेने करावी. एकटा उस्ताद घाबरतो. एका रस्त्यावरच्या चाळीस गॅरेजांची संघटना अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसून बोलते.

दुसरं उत्तर, ‘जे नशिबात आहे ते होणार.’ टर्बोच्या तोंडाला झाकण लावताना आपण हे म्हणत नाही. तिथे कपचा आत गेला तर नुकसान होईल हे आपल्याला कळतं आणि आपण काळजी घेतो. जी काळजी मालकाच्या टर्बोची घेतो, तेवढी तरी स्वतःच्या फुप्फुसाची घ्यावी, इतकंच माझं म्हणणं आहे.

तिसरं उत्तर शिकलेल्या मित्रांकडून येतं. पोरांना गॅरेजात पाठवूच नका, शिकवा. चौदा वर्षांच्या आतल्या पोराच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे, कायदाही तेच सांगतो, आणि तिथे कोणाचीही सबब ऐकू नये. पण मोठ्या माणसांचं काय? जे आज काम करत आहेत त्यांनी उद्या पाना टाकून कुठे जायचं? गॅरेज सोडा म्हणणं सोपं आहे. गॅरेज माणसाला न मारणारं करणं अवघड आहे, आणि चळवळ म्हणून आपलं काम ते अवघड काम आहे.

त्यातलं बरंचसं फार महाग नाही. जुनी पट्टी काढायच्या आधी पाइप पूर्ण थंड होऊ द्यावा, मग पाण्यात थोडा साबण घालून पट्टी चिंब भिजवावी. साबणाने पाणी आतपर्यंत मुरतं आणि ओली पट्टी धूळ सोडत नाही. हाताने कापून मोठे तुकडे काढावेत, ग्राइंडर लावू नये. तुकडे ओले असतानाच दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत आणि त्यावर लिहावं. ते जाळू नयेत, नाल्यात फेकू नयेत. ब्रेक, क्लच आणि पट्टीच्या कामात हवा मारणं बंद. अमेरिकेच्या नियमांतही ब्रेक-क्लचच्या ॲस्बेस्टॉससाठी ओली पद्धत किंवा बंदिस्त व्हॅक्यूम हाच मार्ग सांगितला आहे. रुमाल आणि दवाखान्यातला निळा मास्क या तंतूंना अडवत नाही. आयएस ९४७३ मानकातला एफएफपी ३ मास्क लागतो, आणि तोही दाढी-मिशीवर सैल बसला तर उपयोग कमी. कामाचे कपडे गॅरेजातच बदलावेत, पिशवीत बांधावेत, न झटकता आधी पाण्यात बुडवावेत. नवं आवरण घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगावं की ॲस्बेस्टॉसची दोरी नको.

हे सगळं करायला उस्तादाला कोणी समजवायचं? तुम्ही. ज्यांनी पॉलिटेक्निक केलं, फार्मसी केली, नर्सिंग केलं, कायदा शिकला, त्यांनी. उस्ताद पत्रकाने ऐकणार नाही. पोराने शेजारी बसून एक पाइप ओला करून उघडून दाखवला तर ऐकेल.

आणि दुसरं काम नोंदीचं. न्यायालयाने कारखान्यांना ४० वर्षं वही ठेवायला सांगितली. आमची वही ठेवणारं कोणी नाही, तर ती आपण ठेवू. आपल्या गावातल्या प्रत्येक गॅरेजात जा. नाव, वय, किती वर्षं काम, कोणतं काम, बिडी आहे का, खोकला किंवा धाप कधीपासून, क्षयाची औषधं कधी घेतली का, छातीचा एक्स-रे कधी काढला, हे सगळं ज्याच्या-त्याच्या परवानगीने लिहा. त्याची प्रत त्याच्या हातात द्या. त्याला सांगा की डॉक्टरकडे गेल्यावर हा कागद आधी पुढे ठेवायचा, कारण कामाचा इतिहास कळल्याशिवाय एक्स-रे नीट वाचता येत नाही. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. पन्नास नोंदी हातात असतील तर तपासणी शिबिराची मागणी घेऊन तिथे जाता येईल. पाचशे असतील तर मुंबईला मंत्रालयात जाता येईल.

या वहीत फक्त आपल्याच समाजाची नावं लिहू नका. त्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान दुसऱ्या कोणाचं असेल, पंक्चरवाला तिसरा असेल, रेडिएटरवाला चौथा. धूळ सगळ्यांच्या नाकात सारखीच जाते. आणि आपण सगळ्यांसाठी मागितलं तर ती मागणी कोणाला बाजूला सारता येणार नाही.

पुढचा ऊस हंगाम यायच्या आत एका रस्त्याची वही पूर्ण होऊ शकते. कोणत्या गावाने ती आधी केली, ते कळवा. मी बार्शी नाक्याकडून सुरुवात करतो.